आरसी बोटीत पाणी येतंय? एम-सील नंतर, आधी गळती शोधा

बोट सोडली, पहिली पाच मिनिटं झकास पळाली. मग मागचा भाग खाली बसायला लागला, वेग उतरला, वळताना बोट एका अंगावर जास्तच कलायला लागली. काठावर आणून झाकण उघडलं तर आत वाटीभर पाणी.

माझा धंदा शेतीपंप दुरुस्तीचा. आरसी म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या बोटी, हा रविवारचा नाद. दोन्हीकडे ऐंशी टक्के तक्रार एकच: पाणी नको तिथून येतंय. जुनी बोट हौसेने दुरुस्त करणारा जवळजवळ प्रत्येक नवखा माणूस याच तक्रारीपाशी अडतो, आणि दहातले आठ जण हातात एम-सील घेऊनच येतात. म्हणून हे एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय.

वाटीभर पाणी कमी वाटतं. पण २०० मिली म्हणजे २०० ग्रॅम. दोन किलोच्या बोटीत तो दहावा हिस्सा झाला. शिवाय हे वजन एका जागी बसत नाही. बोट डावीकडे कलली की पाणीही डावीकडे धावतं आणि तिला आणखी कलवतं. बुडालेल्या बहुतेक बोटी पाण्याने काठोकाठ भरून बुडत नाहीत, अर्ध्या भरल्यावर वळणात उलटतात.

आधी लक्षणं नीट बघा

पाणी कधी येतं, यावरून अर्धी गळती सापडते.

- बोट नुसती उभी ठेवली तरी तळाला पाणी जमतं: पाण्याखालचं काहीतरी उघडं आहे. तडा, सांधा, सुकाणूचं भोक किंवा दांड्याच्या नळीचं (मोटरपासून पंख्यापर्यंतचा दांडा जिच्यातून जातो ती) आतलं तोंड पातळीच्या खाली गेलंय.
- उभी असताना कोरडी, मोटर चालवली की ओली: दांड्याची नळी, थंडाव्याच्या पाण्याच्या नळ्या किंवा झाकण.
- रिव्हर्स घेतल्यावरच पाणी वाढतं: संशय सरळ दांड्याच्या नळीवर. रिव्हर्समध्ये पंखा पाणी पुढे, म्हणजे नळीच्या तोंडावरच ढकलतो.
- जोरात वळल्यावर किंवा स्वतःच्याच लाटेवरून उडी मारल्यावर: झाकण.
- झाकणाच्या आतून दवासारखे बारीक थेंब, तळ मात्र कोरडा: ही गळतीच नाही. उन्हात तापलेली बोट गार पाण्यात टाकली की आतल्या हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर जमते. पुसा आणि चालवा.
- सुकाणूचा सर्व्हो (सुकाणू वळवणारी छोटी मोटर) आपोआप थरथरतोय, मोटर मधेच अडखळतेय: पाणी इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत पोहोचलंय. बोट लगेच काठाला आणा, पहिल्यांदा बॅटरीचा प्लग काढा. बाकी सगळं नंतर.

एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पाणी जिथे साठलेलं दिसतं तिथून ते आलेलं नसतं. ते सगळ्यात खोल जागी जातं, आणि बोटीत ती जागा बहुधा बॅटरीखाली असते. तिथल्या तळाला सील फासून उपयोग शून्य.

एका टगबोटीची गोष्ट

एनसीसीच्या नौदल विभागात शिप मॉडेलिंग शिकवतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. अशाच एका माजी कॅडेटने वीसेक वर्षं माळ्यावर पडलेली टगबोट माझ्याकडे आणली. प्लायवूडचं अंग, ब्रशवाली मोटर, २७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टलवाला जुना रिमोट. काम इतकं सुबक की हात लावताना जपावंसं वाटावं. बोटीत पाणी यायचं म्हणून त्याने दांड्याच्या नळीभोवती तीन वेळा एम-सील थापलं होतं. तरी पाणी येतच होतं.

येणारच. पाणी नळीच्या बाहेरून येत नव्हतं, नळीच्या आतून, दांडा आणि बुश (नळीच्या टोकातलं, दांड्याला धरणारं कडं) यांच्यामधल्या फटीतून येत होतं. हे आधी का नव्हतं आणि आताच का? त्याने जुना सहा सेलचा ७.२ व्होल्टचा पॅक काढून ६ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी टाकली होती, स्वस्त मिळते म्हणून. ती पॅकपेक्षा जवळपास दुप्पट जड, आणि जागा होती म्हणून ठेवली मागे. बोट मागून दोन बोटं खाली बसली आणि नळीचं आतलं तोंड बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली गेलं. बॅटरी पुढे सरकवली, नळीत ग्रीस भरलं, बोट कोरडी. एक रुपया लागला नाही. वाळलेलं एम-सील खरवडून काढण्यात मात्र अख्खी दुपार गेली.

खालचा क्रम त्या दुपारी पक्का झाला. फुकट ते खर्चिक, सोपं ते अवघड. मधली पायरी गाळू नका. चौथ्या पायरीवर गळती सापडली तर पाचवीला हात लावायचं कारण नाही.

१. झाकण

फुकट, दोन मिनिटं. झाकणाच्या कडेने फोमची पट्टी असेल तर ती दाबून बघा. चपटी होऊन परत फुगत नसेल तर मेली. नवी लावेपर्यंत कोरड्या कडेवर रुंद चिकटपट्टी सलग फिरवा, कोपऱ्यात सुरकुती पडू देऊ नका. वेगवान बोटींवर मुरलेले लोकही नेमाने पट्टी लावतात, त्यात कमीपणा नाही. पट्टी लावून बोट पुन्हा तशीच चालवायची. कोरडी राहिली तर प्रश्न संपला.

झाकणापासून सुरुवात एवढ्यासाठी की ते गळत राहिलं तर बोट पळवून घेतलेली पुढची कोणतीही चाचणी खोटी ठरते.

२. पिंपातली चाचणी

हीसुद्धा फुकट, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची. तरी लोक हीच टाळतात, कारण हिच्यात बोट पळत नाही.

घरातला मोठा टब, गोठ्यातली सिमेंटची टाकी, काहीही चालेल. बोटीत बॅटरीसकट नेहमीचं सगळं वजन ठेवा. रिकामी बोट वर तरंगते आणि गळणारी जागा पाण्याबाहेर राहते, मग ‘घरी गळत नाही, तळ्यावरच गळते’ असा चमत्कार घडतो. आत टिश्यू पेपरच्या पट्ट्या ठेवा: एक दांड्याच्या नळीच्या आतल्या तोंडाखाली, एक सुकाणूच्या भोकाशी, एक तळाच्या मधल्या सांध्यावर, प्रत्येक पाइपाच्या जोडाखाली एकेक. झाकण उघडंच ठेवा. अर्धा तास बोट हलवू नका.

पहिली ओली होणारी पट्टी म्हणजे गळती. पहिली. तासाभराने सगळ्याच ओल्या होतात, म्हणून दर पाच मिनिटांनी डोकवा.

सगळ्या कोरड्या राहिल्या तर बोट हाताने घट्ट धरून मोटर मंद चालवा, आधी पुढे, मग रिव्हर्स. बोटं पंख्यापासून लांब. छोट्या मोटरचा पंखाही कातडी सोलतो, पितळी असेल तर जास्तच.

सांध्यातला झिरपा इतका बारीक असेल की पट्टीवर कळत नसेल, तर आतून टाल्कम पावडर भुरभुरवा. पाणी जिथून येईल तिथे पावडर भिजून गडद रेघ उमटते. एकाने रांगोळी वापरली होती. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, ती बुशमध्ये गेली की दांडा घासून काढते. त्याचा नवा बुश मीच बसवला.

३. दांड्याच्या नळीतलं ग्रीस

आता थोडा खर्च, पण चहा-बिस्किटाइतकाच. ही पायरी समजावून सांगतो, कारण खरं दुखणं बहुधा इथेच असतं.

मोटर आत, पंखा बाहेर. दोघांना जोडणारा दांडा बोटीच्या अंगातून जावा लागतो, म्हणजे बोटीला भोक पाडावंच लागतं. त्या भोकात पितळी नळी, नळीच्या दोन्ही टोकांना बुश, आणि बुशमधून फिरणारा दांडा, मध्यम बोटीत बहुधा ४ मिलिमीटरचा. दांडा फिरायचा म्हणजे फट हवी. फट आली की पाणी आलं. ती फट भरून ठेवतं ते ग्रीस.

पंपाच्या ग्लँडचं, म्हणजे शाफ्टभोवती पॅकिंग दाबून बसवलेल्या जागेचं, नेमकं उलटं आहे. पंपाच्या ग्लँडातून थेंब थेंब पाणी पडलंच पाहिजे, नाहीतर पॅकिंग जळतं. नट करकचून आवळणारा शेतकरी पॅकिंगही घालवतो आणि शाफ्टची बाहीही. बोटीच्या नळीला गार ठेवायला आणि वंगणालाही ग्रीसच, म्हणून तिथे थेंबही चालत नाही.

पंख्याकडचा आणि मोटरकडचा जोड सोडवून दांडा बाहेर काढा. जुनं ग्रीस काळं, घट्ट, वाळूमिश्रित निघेल. ते काडीला कापड गुंडाळून पूर्ण पुसा. जुन्यावरच नवं भरलं तर वाळू आतच राहते आणि बुश खाते. मग सुई काढलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजने नळी भरा. नळीला वर छोटी तेलनळी असेल तर दांडा बसवून तिथून दाबा, दोन्ही टोकांनी ग्रीस डोकावेपर्यंत. ग्रीस साधं लिथियमचं, गॅरेजमध्ये मिळतं ते. फार घट्ट मात्र नको. बैलगाडीच्या आसाला चालेल असलं ग्रीस छोट्या मोटरला ओढवत नाही, ती तापते आणि बॅटरी लवकर उतरते. तेल तर नकोच, तेल दोन फेऱ्यांत धुऊन जातं.

दांडा परत बसवताना आतल्या टोकाची कॉलर बघा. ती बारीक स्क्रूने आवळलेली असते. पुढे जाताना पंखा दांड्याला आत ढकलतो, रिव्हर्समध्ये बाहेर ओढतो, आणि बाहेर ओढताना अडवणारी ही कॉलरच. ती सुटली की रिव्हर्सला दांडा मागे सरकतो, पंखा सुकाणूवर आपटतो. पंखा आणि नळीचं तोंड यांत वॉशर, आणि साधारण अर्धा मिलिमीटर मोकळीक. करकचून नाही, ढिलंढालंही नाही.

टगसारख्या संथ बोटीला तीन-चार फेऱ्यांनी ग्रीस पुरतं. तारेच्या लवचीक दांड्याच्या वेगवान बोटीला प्रत्येक वेळी तार काढून पुसून ग्रीस लावायचं. कंटाळा आला तर तार तुटते.

४. बोट कशी बसते

पुन्हा फुकट. वरच्या टगबोटीचा रोग हाच. उभ्या बोटीत नळीचं आतलं तोंड बाहेरच्या पाण्यापेक्षा वर असेल, तर ग्रीस संपलं तरी पाणी आपोआप आत चढत नाही. जोडलेल्या दोन भांड्यांत पातळी सारखीच राहते, शाळेत शिकलेलं. तोंड खाली गेलं की सगळा भरवसा ग्रीसवर. पिंपातल्या बोटीवर बाहेरून पातळीला पेन्सिलची खूण करा, आतून तोंडाची उंची मोजा, ताडा. खाली असेल तर वजन पुढे सरकवा किंवा हलकी बॅटरी घ्या. दोन्ही जमत नसेल तर आतल्या बाजूला लांब नळी बसवावी लागते, ते सातव्या पायरीचं काम.

५. सुकाणू

सुकाणूची काडीही नळीतून वर येते. तिची नळी आखूड असेल तर गळते. काडी काढा, ग्रीस लावा, रबरी रिंग असेल आणि कडक झाली असेल तर बदला. नळीच्या तळाचा नट ढिला असेल तर आवळा. बस.

६. थंडाव्याच्या नळ्या

हे बहुधा ब्रशलेस मोटरच्या वेगवान बोटींत असतं. पंख्यामागून पाणी उचलून मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) गार करून कडेच्या भोकातून बाहेर टाकतात. सिलिकॉनची नळी एका जोडावरून निसटली तर तो अख्खा प्रवाह बोटीत. लक्षण अगदी स्पष्ट: पाणी अचानक आणि भरपूर येतं, आणि कडेची धार बंद पडलेली असते. नळीचं टोक चिरलं असेल तर तेवढं कापून परत बसवा, जोडावर बारीक झिप-टाय लावा. बाहेर सोडणाऱ्या तोंडातून हलकं फुंकून बघा. फुंकर जात नसेल तर आत शेवाळ आहे, आणि निसटण्याचं मूळ कारण तेच.

७. बुश आणि सरळपणा

ग्रीस भरूनही दोन फेऱ्यांत पाणी परत आलं तर पंखा धरून दांडा वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. टकटक जाणवली तर बुश झिजलाय. नवा बुश किंवा तयार नळी-दांड्याचा संच बसवता येतो, पण थांबा, तो झिजला का?

मोटर आणि दांडा एका रेषेत नसले की जोड प्रत्येक फेरीला दांड्याला बाजूला ढकलतो. हा हिसका बुश खातो. रेषा न बघता नवा बुश घातलात तर महिन्याभरात पुन्हा माझ्याकडे याल. मोटरचा जोड सोडवून दांडा बोटाने फिरवा. लोण्यासारखा फिरला आणि जोड लावताच जड झाला, तर रेषा चुकलीय. दुरुस्तीची सोपी रीत: हलणारा जोड काढून त्याजागी तात्पुरता पितळी नळीचा ताठ तुकडा घाला, मोटरचे स्क्रू ढिले करून मोटर जिथे आपोआप सैल बसते तिथे खाली पट्ट्या देऊन आवळा, मग ताठ तुकडा काढून जोड परत लावा. जोड चुकलेल्या रेषेला सांभाळून घेतो म्हणून रेषा चुकवायची नसते.

दांडा काचेवर लोळवून बघा. थरथरत लोळला तर वाकलाय. बारीक दांडा हातोडीने सरळ होत नाही, नवा आणा.

८. अंगातला तडा

एम-सील, अराल्डाइट यांचा नंबर आत्ता. तेसुद्धा तडा नक्की दिसल्यावरच.

बोट आधी पूर्ण वाळवा, प्लायवूड असेल तर दोन-तीन दिवस. ओल्या लाकडावर लावलेलं काहीही पापुद्र्यासारखं सुटतं. तड्याभोवतीचा रंग आणि ग्रीस काढा, सँडपेपर मारा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बारीक तड्याला आतून इपॉक्सी आणि फायबरच्या कापडाची पट्टी. एबीएस प्लास्टिकच्या बोटीला फायबरच्या दुकानातलं पॉलिएस्टर रेझिन लावू नका, त्यातलं स्टायरीन प्लास्टिकच मऊ करतं. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तेही बोटीत नको. सुकताना सुटणारं आम्ल पितळ आणि तांब्याच्या जोडांना हिरवं करतं.

पावसाळ्यात इपॉक्सी वाळल्यावर मेणचट थर दिसला तर घाबरू नका. दमट हवेत तो येतो. पाण्याने धुऊन, घासून मगच दुसरा हात द्या, नाहीतर दुसरा थर पहिल्याला धरणार नाही.

या सगळ्याबरोबर एक काम करून टाका: पुढच्या टोकात आणि कडेच्या रिकाम्या जागेत पाणी न पिणारा फोम कोंबा. लिटरभर फोम साधारण किलोभर वजन तारतो. गळती राहिली तरी बोट तळाला जात नाही.

इथे थांबा

लिथियम-पॉलिमर बॅटरी भिजली, फुगली, किंवा तिला गोडसर वास येऊ लागला तर ती पुन्हा चार्ज करायची नाही. वाळवून नाही, ‘एकदाच बघू’ म्हणून नाही. घराबाहेर, फरशीवर किंवा विटांवर, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याला द्या. चार्जर भिजला असेल तर तो इलेक्ट्रिशियनकडे, स्वतः उघडायचा नाही.

रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा डबा) आणि ईएससी भिजले तर बॅटरी काढून, खाडीचं पाणी असेल तर आधी गोड्या पाण्याने धुऊन, आयसोप्रोपिलने पुसून सावलीत वाऱ्यावर वाळवा. तांदळाच्या डब्यात ठेवण्याने काही होत नाही, पीठ मात्र कनेक्टरमध्ये जातं. वाळल्यावरही सर्व्हो थरथरत असेल तर रिसीव्हर बदला. बोट मधोमध असताना तो दगा देतो.

अंगात चिकटवलेली जुनी पितळी नळी काढायची असेल तर नवख्याने हात घालू नये. नळी तापवून इपॉक्सी मऊ करून काढतात, पण प्लास्टिकच्या बोटीत तीच उष्णता भोक मोठं करते. हे सराव असलेल्याकडे द्या. बुश वळवायचा असेल तर लेथवाल्याकडे मापं लिहून नेऊ नका, दांडा आणि नळी दोन्ही हातात द्या. तळाचा मुख्य सांधा उघडलाय किंवा प्लायवूड दाबल्यावर भुसभुशीत लागतंय, तर फायबरचं काम करणारा गाठा.

आणि बोट मधे बंद पडली तर तिच्यामागे पाण्यात उतरू नका. आमच्याकडे बहुतेक बोटी शेततळ्यावर चालतात. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद शेवाळाने इतका निसरडा होतो की पोहणारा माणूसही उतारावर पाय रोवू शकत नाही, वर येता येत नाही. टेनिसच्या चेंडूला तंगूस बांधून माझ्या पिशवीत कायम असतो. चेंडू बोटीच्या पलीकडे फेकायचा, तंगूस बोटीवर पडेल असं आडवं चालायचं आणि हळूहळू ओढायचं. दुसऱ्या-तिसऱ्या फेकीला अडकते. नाहीच अडकली तर वाऱ्याने काठाला लागेपर्यंत डबा उघडून जेवून घ्यायचं.